कासिमचे तीन प्रश्न

कासिम मुकरीचं पत्र मला गेल्या जुलैत आलं. मी ते दोनदा वाचलं, घडी घातली आणि आठ महिने त्याला उत्तर दिलं नाही. त्या आठ महिन्यांत बाकी सगळ्यांना उत्तरं गेली. गॅस एजन्सीच्या छापील पत्रालासुद्धा मी सुवाच्य अक्षरात, तारीख घालून उत्तर लिहिलं. कासिमचं तेवढं राहिलं. राहिलं म्हणणंही खोटं आहे. मी ते ठेवलं.

कासिम आणि मी न्हावा शेव्याला एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात सव्वीस वर्षं काढली. परदेशातून आलेला माल कस्टम्समधून सोडवायचं काम. तो बाहेरचा माणूस, मी टेबलावरचा. गोदीत जाणं, पेट्या उघडून घेणं, ऑफिसरांशी बोलणं हे त्याचं. मी दिवसभर जाडजूड दरपुस्तकात डोकं घालून कुठला माल कुठल्या कलमाखाली येतो ते शोधायचो. मला लोकांशी बोलता येत नाही, तेव्हाही येत नव्हतं. कासिमचा एक नियम होता. मी कागद वाचून कोपऱ्यात पेन्सिलीने बरोबरची खूण केल्याशिवाय तो कागद पुढे न्यायचा नाही. साहेब ओरडले तरी नाही. "अरविंदने वाचला नाय अजून," एवढं म्हणून चहा प्यायला निघून जायचा.

निवृत्तीनंतर तो उरणला आपल्या घरी राहिला, मी खारघरला मुलाच्या फ्लॅटमध्ये आलो. पुढे त्याचे कान गेले. फोन स्पीकरवर टाकल्याशिवाय त्याला ऐकू येत नाही, आणि स्पीकरवर टाकला की सगळं घर ऐकतं. म्हणून आमची पत्रं. जुलैतलं पत्र वहीच्या दोन पानांवर होतं.

"अरविंद, हे बायकोला ठाऊक नाही, मुलाला ठाऊक नाही. लघवीचा त्रास दोन वर्षं आहे. आता नमाजेला उभा राहिलो की थेंब पडतो. नमाजेआधी हातपाय धुऊन केलेली वजू जाते, कपडा नापाक होतो. मशिदीत जाणं बंद केलंय, लोकांना सांगतो गुडघे दुखतात. पनवेलच्या डॉक्टरने मागून बोट घालून तपासलं. म्हणाला, प्रोस्टेट एका बाजूला दगडासारखं लागतं. रक्तात प्रोस्टेटचा एक आकडा असतो, पीएसए, तो तेवीस आलाय. सुई घालून तुकडा काढू म्हणतो. मला तीन गोष्टी सांग. ही म्हातारपणाची गाठ आहे की ती दुसरी? ऑपरेशन केलं तर थेंब थांबतील की वाढतील? आणि काहीच केलं नाही तर किती दिवस चालेल? तू वाच आणि कळव. तुझं वाचून होईपर्यंत मी काही करत नाही."

वाचून मला आधी किळस आली. वाईट नंतर वाटलं, आणि तेही थोडंच. बोट, थेंब, लघवी हे शब्द त्याच्या त्या चौकोनी, स्वच्छ अक्षरात बघवेनात. मी हात धुतले. कागदाला हात लागला म्हणून हात धुणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

खरं कारण दुसरंच होतं. महिनाभर आधी आमच्या सोसायटीत ज्येष्ठ नागरिकांसाठी आरोग्य शिबिर झालं. क्षिप्रा, माझी सून, मला जवळजवळ ढकलतच घेऊन गेली. रिपोर्ट आला त्यात माझा पीएसए सहा पूर्णांक चार, आणि शेजारच्या रकान्यात छापलेलं: शून्य ते चार. सव्वीस वर्षं मी आकडे असेच वाचले होते. मर्यादेच्या आत असला तर माल सुटतो, वर गेला की अडकतो. मधलं काही नसतं. मी अडकलो, एवढंच मला कळलं. रिपोर्ट मी पुस्तकांच्या मागे सारला आणि घरात सांगितलं, साखर थोडी वाढलीय, बाकी ठीक.

कासिमला उत्तर द्यायचं तर त्या विषयावर वाचायला लागणार होतं, आणि वाचलं असतं तर स्वतःबद्दलही कळलं असतं. त्या दिवसांत मी समुद्री कासवांवरचं एक चारशे पानी पुस्तक वाचून काढलं.

शरीर मात्र थांबलं नाही. लघवीला उभं राहावं, वाट बघावी, धार सुरू होऊन मध्येच तुटावी. झालं म्हणून विजारीची नाडी बांधावी आणि बाहेर आल्यावर मांडीवर ओल जाणवावी. रात्री चारदा, पाचदा उठणं. बाथरूममधला वास आपलाच आहे हे कळत असूनही मी नातीला म्हणालो, "ड्रेनेजचं काहीतरी झालंय, सोसायटीला सांगायला हवं." सात वर्षांची पोर. तिने मान डोलावली. सुनेने ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून बाथरूममध्ये फिनेलची नवी बाटली आली. त्या बाटलीकडे बघवत नसे.

डिसेंबरात एकदा सकाळी फिरायला गेलो होतो. परतताना कळ आली ती चालता येईना अशी. रस्त्याच्या कडेला एका बांधकामाची लांबलचक भिंत होती. लोकांनी तिथे मुतू नये म्हणून तिच्यावर फरशा बसवल्यात. गणपती, साईबाबा, क्रूस, मक्का-मदिना, पुन्हा गणपती. फरशांच्या खालची माती तरी काळी, ओली. तिथून उग्र वास येत होता. म्हणजे देवांच्या तोंडासमोर लोक उभे राहतातच. आमच्या कट्ट्यावरचे नंदकिशोर तिथेच उभे होते, पाठमोरे, एक हात भिंतीला टेकून. मान वळवून म्हणाले, "या केळुसकरसाहेब, जागा आहे! म्हातारपणी सगळ्यांचीच टाकी गळते. लाजायचं काय त्यात?"

मला त्यांच्या चपलेवर उडालेला शिंतोडा दिसत होता. मी नमस्कार करून पुढे गेलो. वीस पावलं गेलो असेन. तिथे माझा लेंगा भिजला. अंगावरची शाल कमरेला गुंडाळून मी घरी आलो. भिंतीपाशी उभा राहिलो असतो तर निदान कोरडा राहिलो असतो, असं पुढे कितीदा वाटलं. आणि मग नंदकिशोरांपेक्षा आपण वेगळे काय, हेही वाटलं. ते निदान हसत होते.

कट्टा म्हणजे आमच्या बिल्डिंगखालची चार बाकं. नंदकिशोर तिथले वैद्य. वीज मंडळातून निवृत्त झालेला माणूस, पण कुठल्याही दुखण्यावर त्यांच्याकडे उत्तर. भोपळ्याच्या बिया, गोखरूचा काढा, डाव्या कुशीवर झोपणं. "ऑपरेशन केलेला माणूस बाईच्या कामाचा राहत नाही," हे ते दर आठवड्याला, बाई तिथून जात असली तरी, मोठ्याने सांगायचे. मी कोपऱ्यावर बसून ऐकायचो. ऐकून उठायला हवं होतं. उठायचो नाही, कारण मला माहिती हवी होती, आणि माहिती घेण्याचं धाडस फक्त असं, चोरून, त्यांच्या थुंकीच्या तुषारांतून होत होतं.

फेब्रुवारीत मला सर्दी झाली. नाक वाहत होतं, डोकं जड. नंदकिशोरांनी खिशातून पट्टी काढली. "घ्या दोन. नाक बंद. सगळं कोरडं करते ही गोळी."

मी दुपारी जेवून दोन घेतल्या. संध्याकाळी पाच वाजता लघवीला गेलो आणि काही आलं नाही. पुन्हा गेलो. नळ सोडून ठेवला. उकिडवा बसलो. ओटीपोट टणक होत गेलं, घामाने गंजीफ्रॉक भिजला. सात वाजता क्षिप्रा ऑफिसातून आली तेव्हा मी न्हाणीघराच्या फरशीवर बसलो होतो. सुयश, माझा मुलगा, कामासाठी आठवडाभर पुण्यात असतो. बायको, स्मिता, जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हा दार ठोठावणारी फक्त सून.

"बाबा, दार उघडा."

"काही नाही. पोट जरा."

"बाबा, लघवी होत नाहीये का?"

मी कडी काढली. सुनेच्या तोंडून तो शब्द ऐकण्यापेक्षा मेलेलं बरं असं वाटलं. तिने रिक्षा बोलावली.

हॉस्पिटलच्या काउंटरवर मुलीने विचारलं, "काय होतंय काकांना?" मागे रांग होती. क्षिप्राने खालच्या आवाजात सांगितलं, आणि मुलीने ते मोठ्याने परत उच्चारून संगणकात लिहिलं. यूरॉलॉजिस्ट आली ती बाई होती. डॉक्टर संघप्रिया शेजवळ, चाळिशीची, केस घट्ट बांधलेले.

मी म्हणालो, "पुरुष डॉक्टर नाहीत का?"

"आहेत. उद्या सकाळी दहाला येतात," त्या हातमोजे चढवत म्हणाल्या. "थांबता?"

मी डोळे मिटले. नळी आत गेली तेव्हाचं मी लिहीत नाही. नंतर जे झालं ते लिहितो, कारण त्याचीच मला अजून शिसारी येते: इतका आराम वाटला की मी त्या परक्या बाईसमोर रडलो, आणि "थँक्यू, थँक्यू" म्हणत राहिलो. पिशवीत सव्वा लिटर भरलं. नर्सने आकडा मोठ्याने सांगितला.

"आज काय औषध घेतलं होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"सर्दीची गोळी. दोन."

"झालं. आधीच मूत्राशयाचं तोंड अरुंद, त्यात गोळीने ते आवळलं. कोणी दिली?"

"शेजाऱ्यांनी."

"छान शेजारी आहेत." त्यांनी सोनोग्राफीचा कागद पुढे ओढला. "प्रोस्टेट म्हणजे मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली ग्रंथी. लघवीची वाट हिच्या मधून जाते. साधारण अक्रोडाएवढी असते, तुमची वाढून लहान मोसंबीएवढी झालीय. वय झालं की बहुतेकांची वाढते. वाढते म्हणजे कॅन्सर नव्हे. यापूर्वी पीएसए केला होता?"

"नाही," मी म्हणालो. क्षिप्रा शेजारी उभी होती. "हो. सहा पूर्णांक चार."

क्षिप्राने माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीकडे.

"कधी?"

"जूनमध्ये."

"आणि तुम्ही त्याचं काय केलं?"

"पुस्तकांच्या मागे ठेवला."

नळी आठवडाभर ठेवून, सोबत गोळी देऊन त्यांनी मला घरी पाठवलं. गुरुवारी या, नळी काढून बघू, म्हणाल्या. आकडा इतक्यात पुन्हा बघण्यात अर्थ नाही, नळीमुळे तो फुगलेलाच येईल.

तो आठवडा मी आयुष्यातून वजा करून टाकला असता. मांडीला पट्ट्याने बांधलेली पिशवी, चालताना तिचं कोमट हिंदकळणं. दर चार तासांनी मोरीत बसून तोटी उघडायची. वास बोटांना राहतो की मला तसं वाटतं, कळत नसे. डावा हात मी जेवणाच्या टेबलावर ठेवत नव्हतो. नातीने विचारलं, "आजोबा, तुमच्या पायाला पाणी का आहे?" आणि मी कधी नव्हे तो तिच्यावर ओरडलो.

सोमवारी दुपारी बेल वाजली. क्षिप्रा घरूनच काम करत होती, तिने दार उघडलं. दारात करिमुन्निसाभाभी, कासिमची बायको. सत्तरीला आलेली बाई, उरणहून एकटी, दोन गाड्या बदलून. हातात पिशवी, त्यात सुके सोडे. मी चादर ओढून घेईपर्यंत ती खुर्ची ओढून समोर बसली होती.

"भाभी, तुम्ही? कासिम..."

"तुमी जिते हायत का ते बगायला आले, अरविंदभाऊ. आमच्याकडं दोन मतं हायत. तुमचे दोस्त बोलतात, अरविंद आजारी असंल. मी बोलते, मेला असंल. जिता असता तर एक कागद टाकला असता."

"मी लिहिणारच होतो."

"आट महिने लिवनारच होते." तिने क्षिप्राने आणलेलं पाणी एका दमात पिऊन टाकलं. "त्यांना वाटतं मला काय म्हायीत नाय. घरात कपडे कोन धुतं? तुमचा दोस्त मोरीत लपून लपून लुंगी पिळतो. मला वास येत नाय? पंचेचाळीस वर्सं त्या मानसाचे कपडे धुते मी."

क्षिप्रा आत जायला वळली. "थांब गं पोरी," भाभी म्हणाली. "तू पन धुतेस ना? मग तुला कसली लाज?"

क्षिप्रा थांबली. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं.

"खिशात चिठ्ठी घावली, मी गुपचूप डॉक्टरला जाऊन इचारलं. तो बोलला, सुई घालायचीय. हे बोलले, अरविंदचं पत्र येऊ दे. डॉक्टर बोलला, अरविंद डॉक्टर हाय का? हे बोलले, अरविंद वाचतो. आता पानी पीत नायत. दिवसातून दोन पेले, मोजून. दोन महिने झाले, कंबर दुकते. रातीला कन्हतात. मुलाला सांगतात ग्यास हाय."

पिशवीची नळी चादरीच्या खालून बाहेर आली होती. तिच्या नजरेला ती पडली. तिने चादरीचं टोक दोन बोटांनी उचललं, आजारी मुलाचं उचलतात तसं, आणि परत ठेवलं.

"तुमाला पन हेच?"

"हो."

"कदीपासून?"

"त्याच्या पत्राआधीपासून."

तिने पाण्याचा रिकामा पेला खाली ठेवला. मग म्हणाली, "आनि तुमी त्यांना एक ओळ लिवली नाय."

तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला ओळखता आलं. कासिमच्या पत्राला हात लागल्यावर मी हात धुतले, तेव्हा आरशात माझा चेहरा तसाच दिसला असणार.

मी म्हणालो, "आत्ता लिहून देतो. घेऊन जा."

"अजाबात नाय. माज्या हातात दिलं तर त्यांना कळंल मी इते आले. मग बोलतील, बायकोनं पडवलं. टपालानं यायला पायजे, तुमच्या अक्षरात. आनि काय लिवनार तुमी आत्ता? तुमाला कुटं काय म्हायीत हाय?"

ते खरं होतं. क्षिप्राने तिला रिक्षापर्यंत सोडलं. परत आल्यावर तिने लॅपटॉप उघडला. थोड्या वेळाने म्हणाली, "बाबा, फोन करा ना त्यांना. आता. कंबर दुखतेय म्हणाल्या त्या."

मी फोन लावला. पलीकडे टीव्ही चालू, भांड्यांचा आवाज, कोणाचं तरी पोर रडत होतं.

"कोन? अरविंद? अरे तू हायस कुटं!" कासिम ओरडला. ऐकू येत नाही म्हणून तो नेहमीच ओरडतो.

"बरा आहेस ना?"

"एकदम फस्क्लास! तू?"

"मीही मजेत." पिशवी तेव्हा निम्मी भरली होती.

"अब्बा, कोण आहे?" मागून त्याचा मुलगा सैफ.

"माझा ऑफिसचा दोस्त! हां बोल, अरविंद. कागद वाचलास का?"

"वाचतोय. लवकर लिहितो."

"वाच, वाच. घाई नाय."

फोन ठेवला. दोन म्हातारे एकमेकांशी, सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात खोटं बोलले होते. क्षिप्रा म्हणाली, "काय म्हणाले?" मी म्हणालो, "घाई नाही म्हणाला."

गुरुवारी कासिमचं पत्र खिशात घालून मी डॉक्टरांकडे गेलो. सकाळी नळी काढली. पाणी पीत बाहेर बसायचं आणि लघवी होते का बघायचं, असा तो प्रकार असतो. आम्ही तिघं म्हातारे हातात बाटल्या घेऊन ओळीने बसलो होतो. एकाला झाली, तो आतून हसत आला. दुसऱ्यालाही झाली. मला दुपारपर्यंत चमचाभर. पोट पुन्हा टणक झालं, नळी पुन्हा गेली.

"आता दोन रस्ते," डॉक्टर म्हणाल्या. "एक, गोळ्या वाढवून दोन आठवड्यांनी परत असंच बघायचं. एका गोळीने तोंड सैल होतं, उठताना चक्कर येऊ शकते. दुसरी ग्रंथी बारीक करते, पण सहा महिने लागतात, आणि ती घेताना पीएसए निम्मा दिसतो, हे तपासणाऱ्याला सांगावं लागतं. दोन, दुर्बिणीतून ऑपरेशन. आतून खरवडून वाट मोकळी करायची. दोन-तीन दिवस हॉस्पिटल, काही आठवडे लघवीत रक्त, काही आठवडे थेंब. कायमची गळती क्वचित. वीर्य बाहेर न येता मागे मूत्राशयात जाईल, याने अपाय नाही. पण त्याआधी एमआरआय. तुमचा सहा पूर्णांक चार एवढ्या मोठ्या ग्रंथीला शोभून दिसतो, तरी बघून घेऊ."

"रकान्यात शून्य ते चार लिहिलंय."

"काका, तो आकडा म्हणजे निकाल नव्हे. नीट बघायला हवं, एवढंच तो सांगतो. इन्फेक्शनने वाढतो, ग्रंथी मोठी असली की वाढतो. तुम्ही काय करायचं ते तुम्ही ठरवा. दोन्हीत चूक काही नाही."

मी कासिमचं पत्र काढलं. वरचा मजकूर हाताने झाकून आकडा आणि बोटाने तपासल्याची ओळ दाखवली. मग हात काढला. त्यांनी सगळं वाचलं.

"तारीख गेल्या जुलैची आहे."

"हो."

"पुढे काय झालं?"

"काही नाही. तो माझ्या उत्तराची वाट बघतोय. आता दोन महिने कंबर दुखते."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "म्हाताऱ्या माणसाची कंबर शंभर कारणांनी दुखते. पण दगडासारखी गाठ, तेवीस आकडा आणि कंबर, हे तिन्ही एका माणसात असतील तर मला त्याला या आठवड्यात बघायचंय. कागदावरून मी काही सांगणार नाही. तुम्ही तर नाहीच सांगायचं. फक्त त्याला उठवा."

मग मी त्याचे तिन्ही प्रश्न एकेक करून विचारले. इतके प्रश्न मी कोणाला तोंडाने कधी विचारले नव्हते. त्यांनी उत्तरं दिली, मी पाठकोऱ्या कागदावर लिहून घेतली.

घरी येऊन पत्राला बसलो. पहिला मसुदा असा सुरू झाला: "मानवी शरीराच्या उतरणीवर..." तो फाडला. दुसऱ्यात मी दीड पान दिरंगाईची कारणं दिली होती, प्रकृती, सुनेची बदली, डोळ्यांचा नंबर. सुनेची बदली झालेलीच नाही. तो वाचताना स्वतःच्या सुंदर अक्षराचाही तिटकारा आला. तिसरं पत्र एका बैठकीत लिहिलं आणि पुन्हा वाचलं नाही.

"कासिम, तुझं पत्र मला वेळेवर मिळालं होतं. मी उत्तर दिलं नाही कारण मलाही तोच त्रास आहे आणि मला त्याची किळस वाटत होती. मी काही वाचलेलं नव्हतं. फोनवर वाचतोय म्हणालो ते खोटं. मजेत आहे म्हणालो तेही खोटं. हे लिहिताना माझ्या मांडीला लघवीची पिशवी आहे.

"तुझा पहिला प्रश्न. ही कुठली गाठ, ते आकड्यावरून कळत नाही. माझा आकडा चारच्या वर आहे म्हणून मी स्वतःला आठ महिने मेलेला समजत होतो, तो बहुधा म्हातारपणाचा आहे. तुझं वेगळं असू शकतं, कारण बोटाला कडक लागलंय. सुईने तुकडा काढून तपासल्याशिवाय कोणीही सांगू शकत नाही. मी तर नाहीच. सुईआधी एमआरआय करतात. ती दुसरी गाठ निघाली तरी सगळ्यांची कापत नाहीत. काही गाठी इतक्या सावकाश वाढतात की नुसती नजर ठेवतात. काहींना शेक देतात, म्हणजे रेडिएशन. पसरली असेल तर इंजेक्शनं आणि गोळ्या असतात, त्यावर माणसं वर्षानुवर्षं राहतात. पण काय आहे ते कळल्यावरच यातलं निवडता येतं. कुठे हाड, कंबर, पाय दुखत असेल तर ते डॉक्टरला सगळ्यात आधी सांग. गुडघ्यांसारखं निमित्त सांगू नकोस.

"दुसरा प्रश्न. साध्या वाढीचं ऑपरेशन असेल तर थेंब काही आठवडे वाढतात, मग बहुतेकांचे थांबतात. थोड्यांचे राहतात. पूर्ण ग्रंथी काढावी लागली तर गळती महिनोन्‌महिने राहते, काहींची कायमची. तुला बरं वाटावं म्हणून हे लपवत नाही. नमाजेचं मला कळत नाही, ते तुझ्या मौलवींना विचार. तुझ्याआधी कितीतरी म्हाताऱ्यांनी त्यांना हे विचारलं असेल. नंदकिशोर नावाचे आमचे एक शेजारी भिंतीवर मुततात, त्यांना विचारू नकोस.

"तिसरा प्रश्न. काहीच न करता किती दिवस चालेल, हे मी करून पाहिलं. एका संध्याकाळी सगळं बंद पडलं. मी सर्दीची गोळी घेतली होती. तू घेऊ नकोस. पाणी कमी पिऊ नकोस, त्याने थेंब थांबत नाहीत, उलट जळजळतं. पण तू 'काहीच न करण्या'चे आठ महिने आधीच वापरलेस, आणि ते माझ्यामुळे. आता त्यातले काही उरलेले नाहीत.

"मी स्वतःसाठी ऑपरेशन निवडलंय, एमआरआय ठीक आला तर. शहाणपणाने नाही, या पिशवीची शिसारी येते म्हणून. मी चुकत असेन. तू माझं बघून ठरवू नकोस. हे पत्र मिळेल त्याच दिवशी सैफला खोलीत घे, दार लाव आणि हे त्याला वाचायला दे. मग दोघं डॉक्टरकडे जा. आमच्या डॉक्टरांचं नाव आणि वेळ मागे लिहिली आहे. बाई आहेत. मी आधी नको म्हणालो होतो. तू म्हणू नकोस."

पाकीट चिकटवलं तेव्हा क्षिप्रा म्हणाली, "मी टाकते, बाबा. तुम्ही कशाला?" मी नको म्हणालो. मग मोरीत जाऊन पिशवी रिकामी केली, हात धुतले, सुयशची सैल पँट घातली. पोस्ट ऑफिस दोन चौक पलीकडे. हळू चाललो, पाय जरा फाकूनच. कट्ट्यावरून नंदकिशोरांनी हाक मारली, "काय केळुसकरसाहेब, चाल बदलली!" बाकीचे हसले.

"नळी घातलीय," मी म्हणालो. आवाज फुटला नाही नीट, पण त्यांना ऐकू गेला. "तुमच्या गोळीने."

पुढे त्यांचं काय झालं ते बघायला थांबलो नाही. पोस्टात रांग होती. उभं राहिल्याने नळी ओढली जात होती आणि मला पुन्हापुन्हा वाटत होतं की वास येतोय, पुढची बाई वळून बघणार. ती वळली नाही. काउंटरवरच्या माणसाने पाकीट काट्यावर ठेवलं.

"स्पीड पोस्ट? आत काय आहे?"

"पत्र."

"नुसतं पत्र?"

"हो. उरणला कधी पोचेल?"

"उद्या. नाहीतर परवा."

"उद्या पोचायला हवं."

त्याने माझ्याकडे पाहिलं, पत्ता वाचला, पिनकोड बरोबर आहे ना ते विचारलं. मी हो म्हणालो. त्याने पट्टी चिकटवली, शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.